कर्नल विल्यम लॅम्बटन : हिंदुस्थानच्या महामापनाचा आद्य गणिती

थेंबें थेंबें तळें साचतें, ही म्हण ठाऊक नाहीं असा मुलगा आपल्या शाळेंत शोधूनही सांपडावयाचा नाहीं. परंतु थेंब साचत असतांना तळ्याची पाळ फुटूं नये, आंत गाळ येऊं नये, आणि आपल्या मागून येणाऱ्यासही तें पाणी निर्मळ मिळावें, अशी काळजी वाहणारीं माणसें मात्र जगांत थोडीं. आंकड्यांच्या बाबतींत अशी काळजी जन्मभर वाहिलेल्या एका पुरुषाचें चरित्र आज वाचकांपुढें ठेवण्याचें योजिलें आहे. त्याचें नांव कर्नल विल्यम लॅम्बटन. तो जन्मानें परका खरा. पण त्याचा देह आपल्याच महाराष्ट्रांत, वर्धा जिल्ह्यांतील हिंगणघाट येथें, मातीस मिळाला आहे.

आज कॉम्प्यूटर म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें एक यंत्र उभें राहतें. परंतु दीडशें वर्षांपूर्वीं हा शब्द यंत्रास नव्हे, तर माणसास लाविला जात असे. मोजणीखात्यांत बसून रात्रंदिवस हिशेब करणाऱ्या गणकाचा तो हुद्दा होता. लाखों आंकडे गोळा करणें, त्यांतील चूक हुडकून काढणें, ते पिढ्यान्‌पिढ्या जपून ठेवणें व त्यांतून सत्य निष्पन्न करणें, ही विद्या विजेचीं गणकयंत्रें निघण्यापूर्वीं ज्या थोड्या ठिकाणीं सिद्धीस गेली, त्यांत हिंदुस्थानच्या महामापनाचें स्थान फार वरचें आहे. त्या महामापनाचा पाया लॅम्बटननें घातला.

लॅम्बटनचा जन्म १७५३ च्या सुमारास इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत, नॉर्थॲलर्टन गांवानजीक, एका साधारण स्थितीच्या कुटुंबांत झाला. घरची श्रीमंती नव्हती कीं कोणा बड्या माणसाचा वशिला नव्हता. जें कांहीं भांडवल होतें तें गणिताच्या आवडीचें. १७८१ सालीं तो पलटणींत दाखल झाला व अमेरिकेंतील युद्धावर गेला. त्याच वर्षीं यॉर्कटाउन येथें इंग्रजांचा पराभव होऊन जे सैनिक कैद झाले, त्यांत हाही तरुण होता. सुटका झाल्यावर तो कॅनडांतील न्यू ब्रन्स्विक प्रांतांत सरहद्दीच्या मोजणीवर राहिला. पुढें तेथेंच सैनिकांच्या बराकींची देखरेख करण्याचें काम त्यानें पत्करिलें. त्या दूरच्या, थंडीनें गारठलेल्या प्रदेशांत सुमारें तेरा वर्षें गेलीं. बरोबरीचे अधिकारी बढतीच्या मागें असतां हा मात्र गणिताचे व पृथ्वीमापनाचे ग्रंथ वाचीत बसला. एकदां सूर्यग्रहण पाहतांना डोळ्यांपुढें काजळी धरलेली कांच न धरल्यामुळें त्याच्या एका डोळ्याची दृष्टि कायमची अधू झाली. ज्यास पुढें जन्मभर दुर्बिणींतून पाहावयाचें होतें, त्याच्यावर हा केवढा आघात! पण त्याबद्दल कुरकुर करीत बसण्याचा त्याचा स्वभाव नव्हता.

१७९६ च्या सुमारास तो हिंदुस्थानांत आला. तेव्हां त्याचें वय चाळिशी ओलांडून गेलें होतें. १७९९ सालीं टिपू सुलतानाविरुद्ध श्रीरंगपट्टणची मोहीम झाली, तींत जनरल बेअर्ड याच्या हाताखालीं तो होता. एका रात्रीं बेअर्डची तुकडी अंधारांत चालली असतां लॅम्बटननें आकाशाकडे पाहिलें आणि तो दचकला. तुकडी उत्तरेकडे जावयाची, ती दक्षिणेकडे, म्हणजे थेट शत्रूच्या छावणीकडे चालली होती. त्यानें ही गोष्ट सेनापतीच्या कानावर घातली. सेनापतीचा प्रथम विश्वास बसेना. शेवटीं होकायंत्र काढून पाहतां ताऱ्यांचें म्हणणेंच खरें ठरलें, व तुकडी मागें वळली. रात्रींच्या आकाशाचें नुसतें कौतुक करणारे पुष्कळ असतात. त्याचा हिशेब ठेवणारा एखादाच असतो.

म्हैसूरचें राज्य पडल्यावर कंपनी सरकारच्या हातीं विस्तीर्ण मुलूख आला. पण त्याचा विश्वसनीय नकाशा कोणाजवळ नव्हता. फौजा हालवावयाच्या, सारा बसवावयाचा, तर नकाशा हवाच. या मोजणीच्या मुळाशीं राज्यकर्त्यांचा स्वार्थ होता, हें लपविण्याचें कारण नाहीं. मात्र लॅम्बटनची दृष्टि त्याहून लांबची होती. मद्रासेपासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची एक अखंड साखळी न्यावी, दुसरी दक्षिणोत्तर न्यावी, म्हणजे देशाचा नकाशा तर होईलच, पण पृथ्वीचा गोळा ध्रुवांकडे नेमका किती चपटा आहे याचाही निर्णय लागेल, अशी योजना त्यानें सरकारपुढें मांडली. त्याचा पूर्वीचा सहकारी आर्थर वेल्स्ली यानें तीस पाठिंबा दिला, आणि ती मंजूर झाली.

आतां ही त्रिकोणांची साखळी म्हणजे काय, तें बालवाचकांस समजेल अशा रीतीनें पाहूं. समजा, आपण बीड येथें बिंदुसरा नदीच्या अलीकडच्या कांठावर उभे आहों, आणि पलीकडच्या कांठावर एक लिंबाचें झाड आहे. नदी न ओलांडतां त्या झाडाचें अंतर काढावयाचें आहे. अलीकडच्या कांठावर शंभर फुटांची एक सरळ रेषा नीट मोजून घ्यावी. तिच्या एका टोंकास उभें राहून झाड व दुसरें टोंक यांमधील कोन मोजावा. मग दुसऱ्या टोंकास जाऊन तसाच कोन मोजावा. एक बाजू व दोन कोन कळले कीं त्रिकोणाच्या उरलेल्या दोन बाजू कागदावर हिशेबानें काढतां येतात. पायांस पाणी न लागतां झाडाचें अंतर हातीं येतें! आतां हीच काढलेली बाजू पुढच्या त्रिकोणाची आधाररेषा समजावी व आणखी दूरची टेकडी पाहावी. अशा रीतीनें एका टेकडीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, सारा देश आक्रमितां येतो. जमिनीवर प्रत्यक्ष मोजावी लागते ती केवळ पहिली रेषा.

युक्ति सोपी दिसते. परंतु तिच्या पोटांत एक मोठें भय दडलेलें आहे. पहिल्या रेषेंत बोटभर चूक झाली, तर ती पुढच्या प्रत्येक त्रिकोणांत शिरते व वाढत जाते. पायाची वीट वांकडी बसली म्हणजे भिंत शेवटपर्यंत वांकडीच जावयाची. म्हणून लॅम्बटननें पहिल्या रेषेसाठीं जे श्रम घेतले ते वाचून मन थक्क होतें. १८०२ च्या एप्रिल महिन्याच्या दहाव्या तारखेस मद्रासेजवळ सेंट थॉमसच्या टेकडीनजीक सपाट जमिनीवर मोजणीस आरंभ झाला. साधन म्हणजे शंभर फुटांची एक पोलादी सांखळी. ही सांखळी मूळ चीनच्या बादशहास नजर करण्याकरितां पाठविली होती. तेथें ती स्वीकारली गेली नाहीं, म्हणून फिरत फिरत ती हिंदुस्थानांत आली होती. उन्हानें पोलाद वाढतें, थंडीनें आंखडतें. यासाठीं सांखळी लांकडी पेट्यांत ठेवून वर तंबूची सावली धरीत व जवळ उष्णतामापक ठेवून प्रत्येक वेळीं उष्णता टिपून घेत. अशी ती सांखळी चारशें वेळां मांडिली, तेव्हां कोठें साडेसात मैलांची रेषा पुरी झाली. या कामास सत्तावन दिवस लागले. धडधाकट माणूस जें अंतर दोन-अडीच तासांत चालून जाईल, त्यासाठीं सुमारें दोन महिने!

कोन मोजण्यासाठीं विलायतेहून थिओडोलाइट नांवाचें यंत्र मागविलें होतें. लंडनच्या कॅरी या कारागिरानें तें केलें होतें. त्याचें चक्र तीन फूट व्यासाचें, आणि वजन सुमारें अर्धा टन. यंत्र घेऊन येणारें जहाज वाटेंत फ्रेंचांनीं पकडून मॉरिशस बेटांत नेलें. परंतु पेटींत शास्त्राचें उपकरण आहे असें दिसून येतांच तेथील फ्रेंच अधिकाऱ्यांनीं तें मद्रासेस सन्मानानें रवाना केलें. दोन्ही राष्ट्रें एकमेकांच्या जिवावर उठलेलीं असतांही ज्ञानाच्या साधनास त्यांनीं शत्रु मानिलें नाहीं, ही गोष्ट ध्यानांत धरण्याजोगी आहे.

मग मद्रासेहून पश्चिमेकडे त्रिकोण चालले. १८०४ सालीं बंगळूराजवळ लॅम्बटननें दुसरी रेषा जमिनीवर मोजली. वास्तविक तिची लांबी त्रिकोणांच्या हिशेबानें आधींच निघालेली होती. मग पुन्हा मोजण्याचे कष्ट कां? तर आपलाच हिशेब आपणच तपासण्यासाठीं. सुमारें दोनशें मैल दूर असलेल्या मद्रासेहून हिशेबानें आलेली लांबी आणि प्रत्यक्ष मोजलेली लांबी यांत फरक निघाला तो चार इंचांहूनही कमी! साखळी पश्चिम किनाऱ्यास पोहोंचली तेव्हां दिसून आलें कीं, मद्रासेपासून मंगळूरापर्यंतचें अंतर जुन्या नकाशांत सुमारें चारशें मैल दाखविलें असून तें खरोखर तीनशें साठ मैलच आहे. द्वीपकल्पाची रुंदी कागदावर चाळीस मैल फुगलेली होती, आणि कोणाच्या तें गांवींही नव्हतें.

एवढें होऊनही त्याच्या कामावर आक्षेप घेणारे थोडे नव्हते. ताऱ्यांवरून ठिकाणें ठरविणें स्वस्त पडतें, मग या त्रिकोणांवर पैसा कां उधळावा, असें कित्येक म्हणत. एका अधिकाऱ्याचें तर म्हणणें असें होतें कीं, श्रीरंगपट्टणास जावयाचें झाल्यास पालखीच्या भोयांस तसें सांगितलें म्हणजे पुरें. त्यासाठीं गणित कशास? लॅम्बटननें वाद माजविला नाहीं. त्यानें चाळीस मैलांची चूक दाखविली, हिशेब पुढें ठेविले, आणि तो पुढच्या टेकडीकडे वळला.

त्याच्या धैर्याची खरी कसोटी १८०८ सालीं तंजावर येथें लागली. तेथील मुलूख सपाट व झाडींनीं भरलेला. दूरवर दिसावें म्हणून त्यानें बृहदीश्वराच्या उत्तुंग देवालयावर यंत्र चढविण्याचें ठरविलें. अर्धें अंतर चढतें न चढतें तोंच दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलें, व त्याचें मोठें चक्र वांकून गेलें. नवें यंत्र विलायतेहून येण्यास वर्षें लागलीं असतीं, आणि तोंवर विरोधकांनीं सारें कामच गुंडाळविलें असतें. लॅम्बटननें कोणास दोष दिला नाहीं. तो तंबूंत शिरला, कारागिरांवांचून इतरांस आंत येण्याची मनाई केली, आणि सुमारें सहा आठवडे खपून ठोकून-ओढून तें चक्र त्यानें हळूहळू मूळच्या आकारावर आणिलें. तेंच यंत्र पुढें कित्येक वर्षें कामीं आलें.

दक्षिणेकडील टोंकापासून निघालेली मुख्य साखळी उत्तरेकडे सरकत १८१५ सालीं बीदरजवळ येऊन पोहोंचली. तेथेंही एक आधाररेषा मोजण्यांत आली. बीदर व आपलें बीड हीं दोन्ही त्या वेळीं हैदराबादच्या निजामाच्या राज्यांत होतीं, आणि लॅम्बटनचें ठाणें हैदराबादेसच होतें. १८१८ च्या आरंभीं या कामास महान त्रिकोणमितीय मोजणी असें नांव मिळालें, आणि त्याच वर्षीं जॉर्ज एव्हरेस्ट नांवाचा तरुण अधिकारी त्याच्या मदतीस नेमला गेला. पुढें बीदरकडील रेषेवरून पश्चिमेस मुंबईकडे एक शाखा नेण्याचें काम लॅम्बटननें याच एव्हरेस्टवर सोंपविलें. म्हणजे आपल्या बाजूचा मुलूखही या जाळ्याच्या दोऱ्यांत ओंवला गेला.

या कामीं जीवही खर्ची पडले, हें विसरतां कामा नये. पावसानें हवा धुऊन निघाली म्हणजे लांबचें निशाण स्वच्छ दिसतें, म्हणून ऐन पावसाळ्यांत जंगलांत शिरावें लागे. कृष्णा-गोदावरींच्या दरम्यानच्या रानांत एव्हरेस्टची सारी टोळी तापानें अंथरुणास खिळली; कित्येक दगावले, व एव्हरेस्टला हवापालटासाठीं आफ्रिकेंतील केप येथें जावें लागलें. साहेबांचीं नांवें दप्तरांत राहिलीं. पण डोंगरावर यंत्र वाहून नेणारे, निशाण धरून उन्हांत उभे राहणारे, झाडी तोडून वाट करणारे जे आपले देशबांधव खलाशी, त्यांतील बहुतेकांचीं नांवें कोणी लिहून ठेविलीं नाहींत. या महान् कार्यांत त्यांचाही वांटा आहे.

लॅम्बटन विद्वानांत मान्यता पावला. १८१७ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें त्यास आपला सभासद करून घेतलें. फ्रान्सच्या शास्त्रपरिषदेनेंही त्यास मान दिला. परंतु तंबूंतील आयुष्य त्यानें सोडलें नाहीं. १८२२ सालीं वऱ्हाडांत एलिचपुराजवळ टाकळखेडा येथें आणखी एक आधाररेषा मोजण्यांत आली. एव्हांना त्यानें सुमारें एक लक्ष पासष्ट हजार चौरस मैल मुलूख त्रिकोणांनीं विणला होता. वय सत्तरीस टेंकलें होतें, शरीर खंगलें होतें. हैदराबादेहून नागपुराकडे मुक्काम हालवीत असतां १८२३ च्या जानेवारी महिन्याच्या वीस तारखेस हिंगणघाट येथें त्यानें देह ठेविला. साखळी अजून हिमालयापासून शेंकडों मैल दूर होती.

कर्ता गेला म्हणजे काम बुडतें, असा पुष्कळ ठिकाणीं अनुभव येतो. येथें तसें झालें नाहीं, आणि हाच या चरित्रांतील मुख्य बोध आहे. लॅम्बटननें आपलें ज्ञान डोक्यांत ठेविलें नव्हतें. तें वह्यांत उतरविलें होतें. कोणत्या टेकडीवरून कोणता कोन किती आला, त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज पृथ्वीच्या गोलाईचा अंश वजा जातां बरोबर जुळते कीं नाहीं, हें सारें नोंदलेलें होतें. एव्हरेस्टनें त्या नोंदी तपासल्या, जेथें उणीव वाटली तेथें नव्या उपकरणांनीं पुन्हा मोजणी केली, आणि १८४१ सालीं ती साखळी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. दक्षिण टोंकापासून तिची लांबी सुमारें चोवीसशें किलोमीटर भरली. गुरूच्या कामांतील दोष शिष्यास काढतां आला, यांत गुरूचा कमीपणा नाहीं. चूक सांपडावी अशा रीतीनें ज्यानें लिहून ठेविलें, त्याचाच तो मोठेपणा.

आंकडे वाढले तसे गणकही वाढले. कलकत्ता व डेहराडून येथें हिशेबाच्या कचेऱ्या चालूं लागल्या. एकच हिशेब दोन गणकांनीं स्वतंत्रपणें करावा व उत्तरें जुळलीं तरच तीं ग्राह्य मानावीं, अशी शिस्त पडली. १८३१ सालीं या खात्यांत दाखल झालेले बाबू राधानाथ शिकदार आपल्या बुद्धीच्या बळावर मुख्य गणकाच्या पदास चढले. हिमालयाच्या एका शिखराची उंची या कचेरीच्या हिशेबानें २९,००२ फूट ठरली. तें जगांतील सर्वांत उंच शिखर होय, असें १८५६ सालीं जाहीर झालें, व १८६५ सालीं त्यास एव्हरेस्टचें नांव मिळालें. पुढें सर्व देशांतील साखळ्या एकमेकींशीं जुळविण्याची वेळ आली, तेव्हां शेंकडों समीकरणें एकदम सोडविणें मनुष्याच्या आवांक्याबाहेरचें ठरलें. मग जनरल वॉकर यानें देशाचे चार चौकोन व एक त्रिकोण असे पांच भाग पाडून एकेक भाग क्रमानें सोडविला.

आजच्या गणकयंत्रांचीं मोठमोठीं भांडारें पाहिलीं, तर त्यांच्या रचनेंतही हींच तत्त्वें दिसून येतात. बँकेंतील खातीं, आगगाडीचीं तिकिटें, शिरगणतीचे तक्ते यांच्या कोट्यवधि नोंदी एका यंत्रांत मावत नाहींत, म्हणून त्यांचे भाग पाडून अनेक यंत्रांवर ठेवितात. एखादें यंत्र बंद पडेल हें गृहीत धरून प्रत्येक नोंदीच्या अनेक प्रती राखतात. नोंद वाटेंत बिघडली कीं काय, हें कळावें म्हणून तिच्याबरोबर पडताळ्याचा आंकडा ठेवितात, अगदीं त्रिकोणाच्या बेरजेप्रमाणें. आणि मूळ नोंद पुसून न टाकतां जपून ठेवितात, म्हणजे उद्यां चूक ध्यानांत आल्यास हिशेब पुन्हा मांडतां येतो. यंत्र नवें, सावधपणा जुनाच.

विद्यार्थिमित्रांनो, शिखरास एव्हरेस्टचें नांव मिळालें. ज्या कचेरीनें हिशेब केला तेथील मुख्य गणक शिकदार यांचें नांव फार दिवस मागें राहिलें. आणि ज्यानें पहिली सांखळी जमिनीवर मांडली, त्याचें नांव हिंगणघाटाच्या एका थडग्यावर राहिलें. पण नांव कोठें कोरलें जातें यावर कामाची किंमत ठरत नसते. तुमच्या गणिताच्या वहींत उत्तर आलें म्हणजे लागलीच पान उलटूं नका. दुसऱ्या रीतीनें एकदां पडताळून पाहा. चूक निघाली तर ती खोडून लपवूं नका. कोठें झाली तें शोधा. आणि आईबापांनींही मुलाला किती गुण मिळाले एवढेंच न विचारतां, त्यानें आपला हिशेब आपण होऊन तपासला कीं नाहीं, हेंही विचारावें. बालाघाटाच्या डोंगरावर कधीं चढलांत आणि दूरवर दुसरी टेकडी दिसली, तर त्या एका डोळ्यानें अधू असलेल्या वृद्ध गणित्याची आठवण करा. सत्तावन दिवस खपून त्यानें साडेसात मैल मोजले, आणि त्या साडेसात मैलांच्या भरंवशावर सारा देश मोजला गेला.